कर्णे बंद होते त्या संध्याकाळी

या रे बाळांनो, जरा जवळ सरका. आणि ते फोन खाली ठेवा म्हणणार होते... पण मीही फोनवरच लिहितेय आणि तुम्ही फोनवरच वाचताय, म्हणजे ते राहू दे! तरी रागवायचंय ते रागावतेच. जपानमधल्या मराठी लोकांच्या या ग्रुपवर कुणी पिंपळावरच्या बाईची गोष्ट टाकली की तुम्ही झुंडीने धावता. मागे मी लिहिलं होतं, “घरात डोक्याला मार लागलेला माणूस आहे, कुणाला अनुभव असेल तर बोला हो” – तर चिटपाखरू फिरकलं नाही. म्हणून आता तुमच्याच पद्धतीने सांगते. निदान शेवटपर्यंत वाचाल.

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं वाचनालयातून आणून आणून शिकले. डोंबिवलीत आमच्या चौकात कुणी लिंबू-नारळ ठेवला तर शेजारणी वळसा घालून जायच्या आणि मी तो नारळ पायाने बाजूला सारून भाजीला जायचे. आताही विश्वास आहे असं नाही. पण झालं ते झालं.

माझा मुलगा समीर जपानमध्ये उरायासुला राहतो. तोक्योला लागून, खाडीकाठचं गाव. २०११च्या मोठ्या भूकंपात इथली जमीन चिखलासारखी पातळ होऊन वर आली होती म्हणे. तो त्यानंतर लगेचच इथे एका ट्रेडिंग कंपनीत आला. सून मृणाल, आणि नात इरा. मी व्हिसाच्या नियमाने येऊन-जाऊन असते.

समीर म्हणजे काय सांगू... घरात शिरला की आधी आवाज यायचा, मग माणूस. मला “मालकीणबाई” म्हणायचा. “काय मालकीणबाई, हॉटेलात आज काय आहे?” नाक असं तिखट की लिफ्टमधून बाहेर पडतानाच सांगायचा, “आज आमटी!” इथले ट्रेनचे रस्ते त्याला तोंडपाठ. मी कुठे चुकले तर फोनवरून सांगायचा, “आई, मागे वळ, निळी पाटी दिसतेय? तिच्याखाली उभी राहा. आता डावीकडे.” आंधळ्याला हात धरून न्यावं तसं न्यायचा.

मग एकदा पावसात स्टेशनवरून सायकलने येत होता. फुटपाथच्या कडेवरून चाक घसरलं, डोकं आपटलं. हेल्मेट नव्हतं, तेव्हा कुणीच घालत नसे. उठला, कपडे झटकले, “काही नाही झालं” म्हणत घरी आला, चहा प्यायला. थोड्या वेळाने उलट्या, मग बोलणं जड... बाळांनो, एवढं एक लक्षात ठेवा. डोकं आपटल्यावर “काही नाही झालं” असं सांगणारं तेच डोकं असतं. त्याच्यावर विश्वास ठेवू नका, सरळ दवाखान्यात न्या.

ऑपरेशन झालं, रक्त काढलं, जीव वाचला. टाके भरले, केस आले. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत सगळे म्हणाले, “काकू, छान दिसतोय की समीर! देवाची कृपा!” मी मान हलवली. काय सांगू त्यांना? हात मोडला तर प्लास्टर दिसतं. इथे काहीच दिसत नाही. डॉक्टरांनी मृणालला समजावलं – मेंदूचा पुढचा भाग दुखावलाय. माणूस ठरवतो कसा, थांबतो कसा, दुसऱ्याचं दुःख ओळखतो कसा, ते सगळं तिथून चालतं. आणि वासाची नस तुटलीय, ती जुळणार नाही.

मग आम्ही रोज बघू लागलो. फ्रिज उघडून तो नुसता उभा राहायचा, कशाला उघडला ते आठवत नसे. उजेड सोसत नाही म्हणून दिवसा पडदे बंद. कुकरची शिट्टी झाली की डोकं धरून ओरडायचा, म्हणून मी डाळ उघड्या पातेल्यात शिजवायला लागले. आंबलेलं वरण निमूट खाल्लंन एकदा. कचरा वेगवेगळा करायला मला ज्याने शिकवलं, तोच सगळं एका पिशवीत कोंबायचा आणि कचरावाले न उचलल्याने ती पिशवी दारात परत यायची. इराने पडून गुडघा फोडून घेतला, रडत त्याच्यापाशी गेली, तर म्हणाला, “आवाज बंद कर.” पोर त्या दिवसापासून त्याच्याशी फक्त जपानीत बोलते, परक्याशी बोलावं तसं अदबीने.

नोकरी गेली. मृणालने धरली. एकदा भांडी विसळता विसळता म्हणाली, “आई, मी समीरबरोबर नाही राहत. त्याचं घर कुणीतरी भाड्याने घेतलंय, त्याच्याबरोबर राहते.”



आता ते गाणं. इथे गावोगाव खांबांवर कर्णे आहेत. रोज संध्याकाळी त्यावर एक संथ धून वाजते – मुलांनो, खेळ आवरा, घरी जा. समीरनेच मला बरा असताना सांगितलं होतं, “आई, ही धून म्हणजे रोजची तपासणी असते. भूकंप झाला, लाट आली तर याच कर्ण्यांवरून सांगतात ना, म्हणून लाईन चालू आहे की नाही ते रोज वाजवून बघतात.” अपघातानंतर ती धून लागली की तो कानांवर उशी दाबून बसायचा.

त्या संध्याकाळी मृणालला सुट्टी होती, ती इराला घेऊन बागेत गेली होती. समीर सोफ्यावर, मी ओट्याशी. डाळीला फोडणी घातली, हिंग टाकला, आणि बाहेर धून सुरू झाली. रोजच्यासारखीच. मी मनात म्हटलं, घेईल आता उशी...

आणि मागून आवाज आला.

“काय मालकीणबाई, हिंगाची बरणी उपडी केलीत की काय?”

मी वळलेसुद्धा नाही हो! जुन्या सवयीने बोलून गेले, “गप रे, तुझं नाकच मेलं तिखट!” आणि मग हात जागच्या जागी थांबला. नाक?

वळले. तो दारात उभा होता. एक खांदा चौकटीला टेकून, पूर्वी उभा राहायचा तस्सा. आणि डोळ्यांत... कसं सांगू, घरात माणूस आहे हे बाहेरून दिव्यावरून कळतं ना, तसं.

“समीर?”

“मीच आहे गं. सगळं कळतं मला. भिंतीपलीकडचं ऐकू यावं तसं ऐकू येतं. मृणालला सांग, इराला सांग... तो सोफ्यावर बसतो ना, त्याच्यावर रागावू नका. त्याला बिचाऱ्याला काही येत नाही.”

मी ओल्या हातानेच त्याचा दंड धरला. “मग तू ये ना रे इकडे! कोण अडवतंय तुला?”

तो नाकातून हसला, त्याचं ते हसणं. म्हणाला, “आई, रस्ता सापडत नाही.”

धून संपली. शेवटचा सूर लांबला, विरला, आणि माझ्यासमोर त्याचा चेहरा रिकामा झाला. मी बघत होते. दंड माझ्या हातातच होता.

“हात ओला आहे तुझा,” तो म्हणाला. सपाट. “पडदा लाव. उजेड येतो.”

डाळ करपली. मी खाली बसले ती उठलेच नाही. मृणाल-इरा आल्या तेव्हा तशीच होते. रडत रडत सगळं सांगितलं – धून लागली आणि माझा समीर आला. इरा बूट काढता काढता म्हणाली, “आजी, आज चाइम वाजलीच नाही.”

“वाजली गं! मी ऐकली ना!”

मृणाल माझ्याकडे बघत राहिली. “आई, कर्ण्यांची दुरुस्ती चाललीय, ते बंद आहेत. बागेत सगळ्या आया तेच बोलत होत्या, आज पोरांना हाका मारून बोलवावं लागलं म्हणून.”

मग ती एकदम उसळली. “आणि आला तर तुमच्यापाशीच का आला? मी रोज त्याच्या शेजारी झोपते! माझ्याशी एक शब्द बोलावासा वाटला नाही त्याला?” बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली. मी दाराबाहेर उभी.

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी समीरच्या नाकाखाली कॉफी धरली, कापूर धरला, मी पर्समधून नेलेला हिंगही धरला. काही नाही. माझं सगळं ऐकून त्यांनी अदबीने मान लववली आणि मृणालला हळूच विचारलं, “आईंना झोप नीट लागते ना?”

कर्णे दुरुस्त झाले. धून रोज वाजते. मी इथे असले की रोज त्याच वेळी फोडणी घालते, हिंग मुठीने टाकते. तो उशी घेऊन कान दाबतो. मृणाल त्या गोष्टीचं नावही काढत नाही. पण सुट्टीच्या दिवशी बरोबर त्या वेळेला तिला ओट्याजवळचं काहीतरी आवरायचं असतं. कोरडी भांडी पुसत उभी राहते. धून संपते. ती फडकं वाळत घालते. आम्ही एकमेकींकडे बघत नाही.

वर्षं गेली. पुन्हा कधीच नाही. लोक म्हणतात, म्हातारीला भास झाला. असेलही. भास झाला म्हणावं तर बरं वाटायला हवं ना? पण मग त्या भिंतीपलीकडे कुणीच नाही असं होतं. आणि खरं म्हणावं तर माझं लेकरू तिथे एकटं आहे, त्याला सगळं ऐकू येतंय, आणि ज्याने मला परक्या मुलखात रस्ते दाखवले, त्याला मी एक पाटीसुद्धा सांगू शकत नाही. दोन्हींपैकी कुठलं मागू देवाकडे? मला ठरवता येत नाही. याचा उलगडा मला अजून झालेला नाही, आता या वयात होईल असं वाटतही नाही.

तेव्हा एक मागते. तुमच्यापैकी कुणी उरायासुला, शेजारच्या इचिकावाला, कोतोला असाल तर या हो एकदा आमच्याकडे. पुढच्या खेपेचा व्हिसा मिळेल न मिळेल, मी असेन नसेन, तेव्हा लवकर या. बेल वाजवू नका, दारावर हलकेच टकटक करा. संध्याकाळची धून लागायच्या आधी या. आमटी-भात जेवूनच जा. पण मी फोडणी घालत असेन तेव्हा माझ्याकडे नका बघू, त्याच्या चेहऱ्याकडे बघा. माझी पाठ असते ना तिकडे.