एकतीस वर्षांत एकदाही

बंदराच्या टोकावरच्या जुन्या दीपगृहात मी नाकातोंडावर रुमाल धरून शिरलो. खोकला नव्हता. जन्मभर तोंड दाखवून पोट भरलं आणि त्या दिवशी तेच लपवत होतो.

पाहुण्यांना दीपगृह दाखवायला निवृत्त दिवेवालेच उभे होते. चाळीस वर्षांपूर्वी मला एका नाटकात दिवेवाल्याची भूमिका मिळाली, तेव्हा दोन दिवस यांच्याच घरी राहिलो होतो. यांच्या पत्नीनं, वहिनींनी, पोटभर जेवू घातलं. यांनी सगळं शिकवलं: शिडी चढता-उतरताना तोंड शिडीकडे, भिंग पुसायचं ते मऊ सुती फडक्यानं, दिवसा भिंगावर पडदा, नाहीतर ऊन एकवटून आग लागते.

पहिल्याच प्रयोगात हशा पडेना. मग मी पदरचं घातलं. दिवेवाला घोरतो, दिवा विझतो, तो शिडीवरून गडगडत खाली येतो! प्रेक्षकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. पुढे दोनशे प्रयोग मी तस्साच घोरलो. शेवटचा प्रयोग याच बंदरावर झाला. हे दोघे पहिल्या रांगेत होते, आणि पडदा पडल्यावर मी मागच्या दारानं पळालो.

"सावकाश. तोंड शिडीकडे," दिवेवाले म्हणाले. वर पोचल्यावर मी भिंगाभोवती एक फेरी मारली.

"आता काढा तो रुमाल. चालीवरून ओळखलं तुम्हाला. माझीच आहे ती, नाटकासाठी उचललेली."

मी रुमाल काढून खिशात घातला. तोंड शिडीकडे ठेवून खाली उतरलो, तर दारात वहिनी.

"आले का घोरणारे भावजी! तुमच्या कृपेनं बाजारात मासेवाल्या विचारायच्या, काल साहेबांना झोप लागली ना छान?"

"अगं, नाटक होतं ते," दिवेवाले म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. एकतीस वर्षांत एकदाही दिवा विझू दिला नाहीत, आणि त्या नाटकापायी वर्षभर बाजाराला गेला नाहीत."

हे मला माहीत नव्हतं.

"वहिनी, चुकलो," म्हणालो. आवाज पहिल्या रांगेपर्यंतही पोचला नसता.

टेबलावर पाहुण्यांची वही होती. ती उघडून लिहिलं: 'एकतीस वर्षांत इथला दिवा एकदाही विझला नाही. मी रंगमंचावर खोटं दाखवलं.' खाली पूर्ण नावानिशी सही केली.

दिवेवाल्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग वही माझ्याकडे परत सरकवली.

"वेळ लिहायची राहिली. नोंद वेळेशिवाय धरत नाहीत."

मी घड्याळ पाहून वेळ घातली. चार वाजून दहा मिनिटं.