सरूआत्याची विहीर

मुंबईच्या विमानतळावर मरियम परकारची बॅग वजनात बसेना. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आंटी, कुछ निकालना पड़ेगा." मागे रांग चुळबुळत होती. मरियमने बाजूला होऊन बॅग उघडली. आंबोशी काढली, फणसपोळ्या काढल्या, आणि दारापर्यंत परत जाऊन काचेबाहेर थांबलेल्या भावाच्या हातात दिल्या. सुकट तेवढी खांद्यावरच्या पिशवीत कोंबली. तिच्या शेजारीच एक पुस्तक कोंबलं.

"हे दे की परत," भाऊ पुस्तकाकडे बोट दाखवत म्हणाला.

"ते नाही," मरियम म्हणाली.

दुबईत अल बर्शाला राहणाऱ्या काही मराठी बायकांचं एक वाचनमंडळ होतं. पुस्तकांचं कपाट सुचित्राताईंच्या हॉलमध्ये. गावी जाईल तिने सामानातले दोन किलो मंडळासाठी राखायचे आणि ठरलेली पुस्तकं आणायची, ही तिथली रीत. त्या दोन किलोंवरून जेवढे वाद होत, तेवढे पुस्तकांवरूनही होत नसत. या वर्षी मात्र वाद पुस्तकाचाच होता.

सरूआत्याच्या तपासकथांचे सहा भाग मंडळाने वाचले होते. दीडशे वर्षांपूर्वीचं कोकणातलं एक बंदर, तिथे खाणावळ चालवणारी विधवा सरूआत्या, आणि दर भागात एक खून. आत्या जेवण वाढता वाढता प्रश्न विचारते आणि शेवटी खुनी सापडतो. सातवा भाग शेवटचा. तो आणायचा नाही, असं सुचित्राताईंनी मरियम निघण्याआधीच सांगून टाकलं होतं.

मरियमने ते मानलं. मंडळाच्या दोन किलोंत तिने मंडळ म्हणालं तीच पुस्तकं आणली. सरूआत्या आली ती तिच्या फणसपोळीच्या जागी.

"घरी बसून वाच की मग," तिचा नवरा यूनुस म्हणाला. तो हमरिया फ्री झोनमधल्या कामावरून थकून यायचा आणि त्याला प्रत्येक भांडण मिटवायची घाई असायची. "त्यांना आवडत नाही तर खलास."

"एकटीने वाचून काय करू? कोणी मारलं असेल यावर भांडायला माणूस नको?"

"मम्मी, जस्ट लीव्ह दॅट ग्रुप," मुलगी यम्ना मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली.

मरियमला मंडळ सोडायचं नव्हतं आणि आत्यालाही. मंडळाचा एक नियम होता: पुस्तक आणणारीने पहिलं प्रकरण मोठ्याने वाचून दाखवायचं, मग हात वर करून ठरवायचं. इतक्या वर्षांत मरियमने कधीच वाचून दाखवलं नव्हतं. तिची शाळा उर्दू. मराठी वाचायला ती लग्नानंतर शिकली, अजूनही ओळीखाली बोट ठेवून वाचायची. ते बोट तिला लोकांसमोर ठेवायचं नव्हतं. पण दुसरा रस्ता नव्हता. आठवडाभर दुपारी ती स्वयंपाकघरात उभं राहून तेच प्रकरण मोठ्याने वाचत राहिली.

शनिवारी संध्याकाळी सुचित्राताईंच्या हॉलमध्ये एसी चालू होता, खिडक्या बंद होत्या. मरियमने पिशवीतून पुस्तक काढलं, आणि थोड्याच वेळात विनिताने नाकाला ओढणी लावली.

"मरियमताई, हे... सुकट आहे का?"

विमानात सुकटीच्या पिशवीची गाठ सैल झाली होती. मरियमने पुस्तक चार दिवस बाल्कनीत ठेवलं होतं, पान पान उलटून. वास हटला नव्हता.

"आहे," ती म्हणाली.

कुंदा खो खो हसली. ती हॉस्पिटलात नर्स होती, तिला कशाचं काही वाटत नसे. "सुचित्राताई, तुम्हीच म्हणायचात ना, बंदराची गोष्ट आणि मासळीचा वास कुठेच नाही? घ्या."

"वासाचं सोडा," सुचित्राताई म्हणाल्या. त्यांनी तीस वर्षं इतिहास शिकवला होता. "मला राग खोटेपणाचा येतो. त्या काळचं बंदर, आणि सगळ्या जातीधर्मांच्या बायका एका विहिरीवर हसतखेळत पाणी भरतात? खून झाला की आत्या सांजा करायला घेते. इतिहास म्हणजे काय साखरेचा पाक आहे?"

"मी दिवसभर वॉर्डात रक्त बघते," कुंदा म्हणाली. "घरी आल्यावर मला सांजाच पाहिजे."

"आणि खुनी मला पन्नासाव्या पानाला कळतो," विनिता ओढणीआडून म्हणाली.

"मरियमताई, तुम्ही तर तिकडच्याच," सुचित्राताई वळून म्हणाल्या. "तुम्हीच सांगा, अशी विहीर होती का कुठे?"

सगळ्यांनी मरियमकडे पाहिलं. तिला गावची विहीर आठवली, आणि पलीकडची दुसरीही, जिच्या काठावर ती लहानपणी एकदा चढली होती आणि कोणीतरी ओरडून तिला खाली उतरवलं होतं.

"नव्हती," ती म्हणाली. "आमच्या गावात विहिरी वेगळ्या होत्या. मला माहीत आहे. म्हणूनच मला आत्याच्या विहिरीवर जायला आवडतं."

सुचित्राताई पुढे सरकून बसल्या. "म्हणजे ते खोटं आहे हे तुम्हाला मान्य आहे."

"मान्य आहे. वाचू आता?"

तिने ओळीखाली बोट ठेवलं. दीपगृहाचा रखवालदार मेलेला सापडला तिथे एका लांब वाक्यात ती अडखळली, मागे गेली, पुन्हा वाचलं. कोणी हसलं नाही. ती वाचत होती तिच्या चालीने, कुठलंही वाक्य न गाळता. रखवालदाराच्या बायकोने शिजवून ठेवलेला भात, उघडं राहिलेलं दार, दारातली ओली पावलं. विनिताने ओढणी कधी खाली घेतली ते तिचं तिलाही कळलं नाही.

प्रकरण संपलं.

"हात वर करा," सुचित्राताई म्हणाल्या.

कुंदाचा हात वर गेला, मरियमचा गेला. बाकीचे मांडीवरच राहिले. सरूआत्याचा सातवा भाग कपाटात जाणार नव्हता.

"मी नुसतं खरं तेच सांगितलं हं, मरियमताई. राग मानू नका," सुचित्राताई म्हणाल्या.

"राग कशाला? तुमचं बरोबरच आहे." मरियमने पुस्तक पिशवीत ठेवलं. "दुसरं प्रकरण पुढच्या शनिवारी आमच्याकडे. इथलं आटोपलं की. ज्यांना यायचं त्यांनी या. खिडकी उघडी ठेवीन."

"मी येणार," कुंदा म्हणाली.

विनिता चपला घालता घालता थांबली. "ते दार आतून उघडलं होतं की बाहेरून?"

"पन्नासाव्या पानाला कळेल ना तुम्हाला," मरियम म्हणाली.

पुढच्या शनिवारी तिने हॉलमध्ये चार खुर्च्या मांडल्या. यूनुस म्हणाला, "दोघींना चार कशाला?" तिने सांजा करायला घेतला होता. कुंदा आली, पाठोपाठ विनिता. चहा ओतत असताना बेल पुन्हा वाजली. दारात सुचित्राताई होत्या, हातात कसलंसं जाडजूड पुस्तक.

"त्या काळच्या बंदरांवरचं आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही जिथे जिथे चुकाल, तिथे मी थांबवणार आहे."

"थांबवा," मरियम म्हणाली. "बसा आधी."

तिने चौथी खुर्ची पुढे सरकवली आणि ओळीखाली बोट ठेवलं.