तीनदा विचारणारी हिरामावशी

हिरामावशी दार उघडण्याआधी तीनदा विचारायची, "कोन हाय?" दाराच्या दोन फळ्यांमध्ये बोट जाईल एवढी फट होती. तिच्यातून समोरचा माणूस डोक्यापासून चपलेपर्यंत दिसायचा, तरी विचारायची. मी विरजणाची वाटी घेऊन उभी, तिचा डोळा फटीला लागलेला, आणि आतून प्रश्न, "कोन हाय?" "मी." "मी कोन?" "अहो, शेजारची सुमन." मग पुन्हा एकदा, जरा मऊ आवाजात, "कोन, सुमन?" आणि मग कुठे कडी निघायची.

मी घाटावरची. आमच्याकडे सकाळी उघडलेलं दार झोपतानाच लागायचं. एकदा मी वैतागून म्हटलं, "मावशी, दिसते ना मी तुम्हाला?" तर म्हणाली, "दिसतेस गो बाय. पन इचारलं का मानूस थांबतो. समिंदराचं मला भ्या नाय, तो सांगून येतो. मान्सं सांगून येत नाय, म्हनून इचारायचं."

कोळीणबाई म्हणजे कमरेवर हात आणि तोंडाचा पट्टा, अशी आपली एक समजूत असते. माझीही होती. हिरामावशीने ती पार धुऊन काढली. एवढी भित्री बाई मी दुसरी पाहिली नाही. ती मूळची किनाऱ्यावरच्या मुरबे गावची. नवरा गुजरातेत बोटीवर खलाशी, पावसाळ्यात तेवढा घरी यायचा. बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकायला सोयीचं, म्हणून तिने आमच्या शेजारची खोली घेतली होती. गायीला भ्यायची, पोलिसाच्या गाडीला भ्यायची, कारखान्याचा भोंगा वाजला की रोजच्या रोज दचकायची. गिऱ्हाईक जरा मोठ्याने बोललं तर पाटीतले चार बोंबील जास्तच घालायची. आम्ही दोघं नवरा-बायको तिला हसायचो.

ऐंशी सालानंतरचे ते दिवस. कारखाने वाढत होते आणि बोईसरला डोकं टेकायला जागा मिळत नव्हती. आमच्या चाळीच्या चार खोल्या. मालक भाऊशेठ. आमचा करार दिवाळीपर्यंतचा होता. पण संक्रांत झाली आणि भाऊशेठ ओट्यावर येऊन बसला. एका ठेकेदाराला कामगार ठेवायला सगळी चाळ हवी होती. "होळीच्या आत खोली सोडा," तो म्हणाला. मला सातवा महिना लागला होता. माझ्या पोटाकडे बघून तो वर म्हणाला, "बाळंतपणाला माहेरी जाणारच ना? मग आत्ताच जा."

माहेरी आई नव्हती, पण हे त्याला कशाला सांगायचं? दुसऱ्या दिवसापासून नळाला पाणी येईना. मग त्याचा एक माणूस राजदूत फटफटी घेऊन चाळीसमोर उगाच चकरा मारायला लागला. गाडी दारासमोर आली की तो हळू करायचा, काही बोलायचा नाही, नुसता बघायचा. तो आवाज आला की मी हातातलं काम टाकून भिंतीला चिकटायचे. आजही तशी मोटारसायकल जवळून गेली की मी भिंतीकडे सरकते.

ह्यांनी पालघरला कोर्टाजवळ एक वकील गाठला. मी बरोबर गेले, आणि एकटं मागे राहायच्या भीतीने हिरामावशीही आली. काळा कोट दिसताच ती बाहेरच्या बाकाच्या पार टोकाला जाऊन बसली. वकील भला माणूस होता. "मुदतीआधी तो तुम्हाला काढू शकत नाही," तो म्हणाला. "मुदत संपल्यावरसुद्धा त्याला कोर्टाचा हुकूम आणावा लागेल. नुसतं सांगून, दमदाटी करून होत नाही. मात्र एक ध्यानात ठेवा. घर बंद करून गेलात आणि त्याने आपलं कुलूप घातलं, तर हक्क तुमचाच राहील, पण आत यायला किती वर्षं लागतील ते मी सांगू शकत नाही."

परतताना एसटीत मावशीने मला तेच पुन्हा पुन्हा विचारलं. वकील काय बोलला? कोनाचा हुकूम? कोर्टाचा? मी सांगत राहिले. ती खिडकीबाहेर बघत पुटपुटत राहिली.

कुलपाचं ऐकून तिचा चेहरा उतरला होता, त्याला कारण होतं. टोकाच्या खोलीत किनाऱ्यावरच्या घिवली गावचं एक कुटुंब राहायचं. आदल्या वर्षी ते होळीला गावी गेले. किनाऱ्यावरचा माणूस दिवाळी एक वेळ चुकवेल, होळी चुकवणार नाही. बोटी सजतात, पूजा होते, लेकी-सुना सगळ्या घरी जातात. चाळीला कुलपं लागतात, हे भाऊशेठला चांगलं ठाऊक होतं. ती माणसं अंगावर रंग घेऊन परतली तेव्हा दारावर परकं कुलूप होतं आणि भांडी, पाळणा, देवाची तसबीर ओट्यावर. मावशी सांगायची, "पाळण्यात कुत्री झोपलेली गो." हे सांगताना दर वेळी तिचा आवाज चिरकायचा.

आणि होळी आली. ह्यांच्या कारखान्यात रसायनाच्या भट्ट्या, त्या सणालाही बंद ठेवता येत नाहीत. ह्यांना रजा नाहीच मिळाली. मी घर सोडणार नव्हते. दुपारी मावशी नवं लुगडं नेसून, पिशवी घेऊन मुरब्याला निघाली. बहिणीच्या बोटीची पूजा होती. "कडी लाव, बाय," म्हणून गेली. चाळीत मी एकटी उरले. एवढी शांतता मी बोईसरला कधी ऐकली नव्हती.

थोड्या वेळाने दार वाजलं. मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा उत्तर आलं, "मी गो, हिरा."

ती घामाने भिजली होती. मला भरून आलं. म्हटलं, "माझ्यासाठी होळी सोडलीत?" तर म्हणाली, "कसली तुझ्यासाठी! भाऊशेठ नाक्यावर हुभा हाय, संगती दोन मान्सं. त्याच्या समोरून जायचं भ्या वाटलं, म्हनून मागं आले." असं ते साधं, निर्मळ भ्याड उत्तर. मला हसू आलं, आणि हसता हसताच राजदूतचा आवाज आला.

दार धडाधडा वाजायला लागलं. आम्ही दोघी दाराशी, एकमेकींना धरून. मी तोंडावर हात दाबला होता. मावशीचे दात वाजत होते, आणि त्या वाजणाऱ्या दातांतूनच तिने विचारलं, "कोन हाय?"

"उघड!" आवाज भाऊशेठचा होता.

"कोन हाय?"

"मी आहे. उघड म्हणतो ना!"

"मी कोन?"

दार वाजायचं थांबलं. मग त्याने दारावर लाथ मारली. कडी वाकली, भिंतीचा गिलावा माझ्या केसांत पडला. मावशीने माझा हात एवढा आवळला की माझ्या दोन बांगड्या फुटल्या. "कोन हाय?" ती आता किंचाळत होती. "नाव सांग! कोर्टाचा हुकूम हाय? हुकूम नाय तर तुला आत यायचा हक नाय! घरात बाई हाय, गरोदर हाय! नाव सांग तुजं!"

तो आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार. पहिली पाळी सुटून कामगारांची बस तेवढ्यात नाक्यावर आली होती. बिहारचे, आंध्रचे, आपले, सगळे कामगार गल्लीतून येत होते. कोणीतरी विचारलं, "क्या हुआ? कौन है?" आमच्या दाराच्या फटीतून मला भाऊशेठ दिसला. त्याच्या हातात नवंकोरं कुलूप होतं आणि ते कुठे लपवावं हे त्याला कळत नव्हतं. "होळीला विचारपूस करायला आलो होतो," असं काहीतरी लोकांना सांगून तो गाडीवर बसला.

मावशी मात्र दाराला पाठ लावून तशीच खाली बसली आणि लहान मुलासारखी रडली. हे घरी आल्यावरही तिने कडी काढू दिली नाही. ह्यांनी आपलं नाव तीनदा सांगितलं, तेव्हा कुठे ते आत आले.

आमची मुलगी त्याच खोलीत वाढायला लागली. दिवाळी झाली, मुदत संपली आणि आम्ही आमच्या पायांनी कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये गेलो. मी मावशीला म्हटलं, तुम्ही शूर आहात. ती दचकली. "नको गो असं बोलूस. मी लय भित्री हाय. भित्र्या मान्सानं एकच करायचं. घाबरून पळायचं नाय, घाबरून बसायचं." पुढे तिचा नवरा बोटीवरून कायमचा परतला आणि ती मुरब्याला गेली.

बऱ्याच वर्षांनी बाजारात तिच्या गावच्या बाईकडून मला ती गेल्याचं कळलं. मी मुलीला घेऊन मुरब्याला गेले. घर सापडलं. दार सताड उघडं होतं, आत बायका बसलेल्या, बाहेर जाळी वाळत घातलेली. कोणी म्हणालं, "या ना, आत या."

मी उंबऱ्यावर थांबले. आतून कोणी विचारलं नाही. तरी मी माझं नाव सांगितलं. तीनदा.