न्हाई म्हणायचा फोन
जुना कॉर्डलेस फोन चार्जिंगला लावला, की तापलेल्या प्लॅस्टिकचा वास येतो अन् मला ती दुपार आठवते. पडवीत कांदा पसरला होता, पलीकडं कंपनीचा भोंगा वाजत होता. पोरानं जुना फोन काढून नवा बसवला, त्याला आठवडा झाला होता. "जमिनीच्या एजंटाचा फोन कसा येईना रं?" मी विचारलं. पोरगा हसला. "आबा, ह्या नव्यात नंबर बंद करता येतो. वावर विका म्हणून रोज डोकं खायचा, टाकला बंद करून." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आरं, त्याला वाटंल म्हातारा खपला, न्हाईतर नरमला! वावर माझं हाय, न्हाई म्हणायचं ते मीच म्हणणार!" सूनबाई आतून म्हणाली, "जुनाच बसवा हो, नाहीतर आबा जेवायचे नाहीत." जुना बसला अन् दुसऱ्याच दिवशी वाजला. "काय आबा, केला का विचार?" "व्हय, केला. न्हाई!" आता त्या फोनच्या बॅटरीचं झाकण रबरानं बांधलंय, मलाही कमी ऐकू येतं. पण कंपनीच्या भिंतीला लागून माझा कांदा उभा हाय, अन् फोन वाजला की मीच उचलतो.