दुसऱ्याच्या जिभेवर मुरवलेले पाइप

डॉक्टरांनी तो शब्द इंग्रजीत उच्चारला आणि माझ्याकडे पाहिलं. दाऊदला इंग्रजी येत नव्हतं. तो शब्द आमच्या भाषेत त्याला सांगायचं काम माझं होतं.

‘कार्सिनोमा ऑफ द टंग’ म्हणजे जिभेचा कर्करोग. कुवेतच्या सरकारी इस्पितळातली ती लहानशी खोली होती. समोर दाऊद, माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, हात मांडीवर ठेवून बसला होता आणि माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हणालो, “गाठ वाईट आहे. काढावी लागेल.”

“वाईट म्हणजे ती?” त्याने विचारलं.

मी मान डोलावली. त्या रोगाचं नाव मी घेतलं नाही, त्यानेही घेतलं नाही.

मग डॉक्टरांनी मला आणखी एक प्रश्न विचारला. त्याच प्रश्नाचं उत्तर मी अडीच महिन्यांपूर्वी दिलं होतं आणि खोटं दिलं होतं. परमुलखात आपल्या माणसाला इस्पितळात नेणारे आणि त्याच्या वतीने बोलणारे पुष्कळ आहेत. हे मी त्यांच्यासाठी लिहीत आहे.

मी इथे एका बांधकाम कंत्राटदाराच्या कचेरीत हेडक्लार्क आहे. मी आलो तेव्हा कुवेतमध्ये आपलाच रुपया चालायचा. कचेरीत एक इंग्रज इंजिनियरसाहेब होते, ते पाइप ओढायचे. मायदेशी परतताना त्यांनी आपला एक जुना पाइप मला दिला आणि तिथून मला हा छंद लागला. मी छंदच म्हणत असे. व्यसन हा शब्द मी त्याला कधी लावला नाही.

सिगारेट कोणीही घाईत ओढतो. पाइपला वेळ द्यावा लागतो. तंबाखूची पहिली चिमूट सैल सोडायची, दुसरी जरा दाबायची, तिसरी अंगठ्याने बसवायची. पहिली काडी वायाच जाते. तंबाखू फुलून वर येते, ती परत दाबायची आणि दुसरी काडी लावायची. मग सावकाश ओढायचं, इतकं सावकाश की लाकूड हाताला कोमट लागावं, गरम नाही. संध्याकाळी मगरिबची नमाज झाली की खैतान वस्तीतल्या आमच्या गच्चीवर खाट टाकून मी बसे. समोर मोकळी वाळू, दूरवर बांधकामाचे दिवे. त्या पाऊण तासात मी कोणाचा नोकर नसे.

पण नवा पाइप कडू लागतो आणि जिभेला चावतो. आतल्या भिंतीवर काजळीचा थर बसेपर्यंत त्यात सुख नसतं. नवं मडकं मुरवावं तसा तोही मुरवावा लागतो, आणि त्याला महिना-दीड महिना जातो. इंजिनियरसाहेब हसत सांगायचे, त्यांच्याकडचे बडे लोक हे काम माळ्याकडून करून घेत.

मला माळी नव्हता. मला मेव्हणा होता.

दाऊदला कुवेतला मी आणलं. त्याचे कागद मी केले, आमच्याच कंत्राटदाराच्या गोदामात त्याला मी चिकटवलं, आणि राहायला खोलीही माझीच. तो मला नाही म्हणणार नाही, हे मला माहीत होतं. नवा पाइप आणला की मी त्याच्या हातात देई. तो काम उरकावं तसा भराभर ओढायचा, त्यामुळे धूर आणखी तापायचा. “साहेबाचा माळी बरा, भाई,” तो म्हणायचा. “त्याला बसायला बाग तरी होती. मला तुमची गच्ची.” आम्ही दोघेही हसायचो.

पाइपची चव सुधारली की मी तो काढून घेई आणि फळीवरच्या रांगेत ठेवी. चार वर्षांत त्याने आठ मुरवले. त्याचा स्वतःचा असा पाइप कधीच नव्हता.

आठव्याच्या सुमारास त्याच्या जिभेच्या डाव्या कडेला पांढरा चट्टा दिसू लागला. याला ल्युकोप्लेकिया म्हणतात. तोंडातली नाजूक कातडी सतत होरपळली की तिथे जाड पांढरा थर धरतो. तो पुसून जात नाही आणि दुखतही नाही. दुखत नव्हता म्हणून आम्ही सोडून दिला. मी नववा पाइप आणला तेव्हा चट्ट्याच्या मधोमध चीर पडली आणि त्याला माशाचं कालवण झोंबू लागलं. तेव्हा मी त्याला इस्पितळात नेलं.

डॉक्टर पॅलेस्टिनी होते, शांत माणूस. त्यांनी जीभ पाहिली, गळा चाचपला आणि मला इंग्रजीत विचारलं, “हा तंबाखू ओढतो का?”

मी म्हणालो, “नो.”

दाऊदला मी विचारलंच नाही. त्याच्यासाठी विचारलेला प्रश्न त्याच्यापर्यंत पोचलाच नाही.

मी तसं का म्हणालो, यावर नंतर पुष्कळ विचार केला. बहिणीच्या कानावर जाईल ही भीती होती. पण तेवढंच कारण नव्हतं. दाऊद ओढतो असं मला वाटतच नव्हतं. ओढणारा मी होतो. तो माझं काम करत होता.

डॉक्टरांनी कागदावर लिहून घेतलं. चट्ट्यासमोरची दाढ तुटून धारदार झाली होती. ती घासत असेल, म्हणून दाताच्या डॉक्टरांकडून तिची धार काढली, जखमेला जांभळं औषध लावलं. दोन आठवड्यांत भरली नाही तर परत या, असं बजावून सांगितलं. जखम भरली नाही आणि आम्ही परतही गेलो नाही. बरं वाटतंय असं तो म्हणे, आणि मला तेच ऐकायचं होतं. नववा पाइप अर्धवट मुरला होता. तो बंद कर, असं मी त्याला म्हणालो नाही.

दोन महिन्यांनी चिरेखाली गाठ लागली. मग बायॉप्सी झाली, म्हणजे जिभेचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं. तुकडा बैरुतला पाठवला होता. निकालाला अठरा दिवस लागले. दर दोन दिवसांनी आम्ही त्या लांब बाकावर जाऊन बसायचो आणि ‘बुकरा’ ऐकून परतायचो. बुकरा म्हणजे उद्या.

अठराव्या दिवशी डॉक्टरांनी तो शब्द उच्चारला. मग विचारलं, “मी पुन्हा विचारतो. तंबाखू?”

या वेळी मी सगळं सांगितलं. किती वर्षं, किती पाइप, आणि ते कोणाचे. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

“त्या दिवशी हे कळलं असतं तर मी दात बघत बसलो नसतो,” ते म्हणाले. “तुकडा त्याच दिवशी काढला असता.” मग ते असंही म्हणाले की रोग धुरामुळेच झाला की दाताचाही त्यात हात होता, हे कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण दोन महिने गेले, ते गेले.

बाहेर बाकावर येऊन मी दाऊदला पहिल्या दिवसाचं माझं उत्तर सांगितलं. त्याला आश्चर्य वाटलं नाही.

“‘नो’ कळतं मला, भाई. गोदामात दिवसभर तेच ऐकतो. आणि टोबॅकोपण कळतं.”

“मग गप्प का राहिलास?”

“मी हो म्हटलं असतं,” तो म्हणाला, “तर डॉक्टरासमोर तुम्ही खोटे पडला असता.”

ऑपरेशनमध्ये जिभेचा डावा तिसरा हिस्सा गेला. गळ्यातल्या लिम्फ नोड्स, म्हणजे रोग पसरताना जिथे आधी अडकतो त्या गाठी, त्याही काढून बैरुतला धाडल्या. त्यांत रोग सापडला तर आशा थोडी, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. या वेळी ते वाक्य मी दाऊदला शब्दन्‌शब्द सांगितलं.

त्याच्या नाकातून पोटात रबराची नळी होती, तिला रायल्स ट्यूब म्हणतात. दूध, सूप सगळं तिच्यातून जाई. बोलणं बंद, म्हणून मी त्याला पाटी आणून दिली. तिसऱ्या दिवशी त्याने लिहिलं, ‘मरियमला कोण सांगणार?’

मी सांगितलं. मरियम म्हणजे माझी बहीण; तिला पत्र लिहिलं आणि त्यात काही लपवलं नाही. माळ्याची गोष्टसुद्धा लिहिली, जिच्यावर आम्ही हसायचो. तिचं उत्तर आलं ते चार ओळींचं. दाऊदची तब्येत विचारली होती, पोरं बरी आहेत असं होतं, आणि शेवटी होतं, ‘तुम्ही त्यांना नेलंत तेव्हा शेजारणी विचारायच्या, काळजी नाय वाटत? मी सांगायची, भाई हाय ना तिकडं.’

तिने शिव्या दिल्या असत्या तर मी त्या झेलल्या असत्या. हे पत्र कुठे ठेवावं ते मला कळेना.

गळ्यातल्या गाठी स्वच्छ निघाल्या. ते ऐकून मी डॉक्टरांचे हात धरले. ते म्हणाले, “अल्लाचे आभार माना. यात तुमचं शहाणपण काही नाही.” ते खरं होतं.

पाइप मी फोडले. ते कोणाला देण्यासारखे नव्हते. आता तीन वर्षं होतील. आठवण येत नाही असं म्हटलं तर मी पुन्हा खोटं बोलेन. संध्याकाळी गच्चीवर गेलो की अंगठा आपोआप दाबायला बघतो. म्हणून मी गच्चीवर जात नाही.

ज्यांच्यावर आपल्या माणसाची भाषा व्हायची वेळ येईल, त्यांना एवढंच सांगतो. डॉक्टरांचा प्रत्येक प्रश्न त्याला विचारा, उत्तर तुम्हाला पाठ असलं तरी विचारा. लाज तुमची असते, पण औषध त्याचं चुकतं. आणि तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर दुखो न दुखो, परत जा.

दाऊद गोदामात परत कामाला लागला. तो सावकाश बोलतो, काही अक्षरं घसरतात, नवख्या माणसाला दोनदा ऐकावं लागतं. गेल्या महिन्यात तपासणीला गेलो. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं की गिळणं, बोलणं कसं आहे. माझं उत्तर तयार होतं. तेवढ्यात दाऊदने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि गोदामातल्या इंग्रजीत स्वतःच सांगितलं, “डॉक्टर, ईटिंग गुड. टॉकिंग स्लो.” मग माझ्याकडे बोट केलं. “ही टॉकिंग फास्ट.”

डॉक्टर हसले. मी माझी खुर्ची जरा मागे सरकवली.