केसांवर भांडी

जळगाव जामोदला आमच्या गल्लीत ती महिन्याकाठी येते. "केसावर भांडेऽऽ" ही हाकसुद्धा दमलेली. डोक्यावर भांड्यांची टोपली, तिच्याखाली घट्ट पदर. विंचरताना गळालेले केस बायका पिशवीत साठवतात. ते ती घेते. गुंता आधी हुंगते. कोरडा असला तर मोठी वाटी, तेलकट असला तर लहान. त्यात घासाघीस चालत नाही.

मला थायरॉइड निघालं तेव्हापासून माझी पिशवी फुगतेच आहे. परवा तिने ती हातात दाबून पाहिली.

"लय गयले ताई. गोया घेता ना?"

"घेतो. डॉक्टर म्हणते, वेळ लागीन."

"मंग लागू द्या. सोडू नोका."

टोपली उचलताना तिचा पदर घसरला. भांग चांगला दोन बोटं रुंद झालेला, कडेचे केस विरळ.

"तू दाखवलं काय कोठी?"

"मले कोठी सवड हाय?" माझा गुंता थैलीत कोंबत ती म्हणाली, "माह्ये बी याच्यातच हायेत. त्याच्यावर वाटी घेतली म्या."

"मोठी घेतली ना?"

"लहान," पदर ओढत ती म्हणाली. "तेलकट होते."