गव्हाच्या कोठीतलं वाय-फाय

माणसांवर विश्वास न ठेवणं ही जर नोकरी असती, तर माझे थोरले साडू तिच्यात सर्वोच्च पदावरून निवृत्त झाले असते आणि निवृत्तीनंतरही रोज डबा घेऊन कामावर जात राहिले असते. नागपूरच्या नंदनवन भागात आमची दोन घरं एका भिंतीला लागून आहेत. माझ्या बायकोची मोठी बहीण, आमच्या ताई, भिंतीपलीकडे राहतात आणि त्यांच्यासोबत हे गृहस्थ. त्या भिंतीतून फोडणीचा वास येतो, मिक्सरचा आवाज येतो, साडूंचा खोकला येतो. वाय-फाय मात्र येत नाही. ते येऊ नये म्हणून या माणसानं काय काय केलं, ते आठवलं की माझं डोकं आजही तापतं, आणि हे मी नागपूरचा उन्हाळा वजा करून सांगतो आहे.

कळमेश्वरच्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. जुनी वस्तू जमा केल्याशिवाय नवी द्यायची नाही, हा त्यांचा धर्म. एकदा खुद्द मालक बल्ब मागायला आले, तर यांनी त्यांना आधी फ्यूज उडालेला बल्ब आणायला परत पाठवलं, आणि मालक गेलेही. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ देताना त्याच मालकांनी ही गोष्ट कौतुकानं सांगितली. माझ्या मते तिथंच सगळं बिघडलं. कौतुक झालं नसतं तर हा स्वभाव कळमेश्वरलाच राहिला असता. साडू तो बसमध्ये घालून घरी घेऊन आले. मी सकाळी त्यांच्याकडे पेपर मागायला गेलो तर आजही ते आधी कालचा परत मागतात. कालचा पेपर! रद्दीवालासुद्धा इतका जीव लावत नाही.

अशा माणसाच्या घरी इंटरनेट आलं. मुलगी बेंगळुरूला नोकरीला, तिच्याशी रोज तोंड बघून बोलता यावं म्हणून ताईंनी हट्ट धरला होता. ते चौकोनी यंत्र भिंतीवर लागलं, त्याचे हिरवे दिवे लुकलुकले आणि साडूंच्या जन्मजात संशयाला हक्काचं घर मिळालं. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "हे हवेतून जाते म्हंतेत, तं तुमच्याही घरात येऊन राहिलं असन?" मी भोळेपणानं हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी यंत्र भिंतीवरून नाहीसं झालं होतं. ते स्वयंपाकघरातल्या गव्हाच्या कोठीत गेलं होतं. पत्र्याची उंच कोठी, गहू काढून रिकामी केलेली, वायर जाण्यापुरतं बाजूला भोक पाडलेलं आणि वर घट्ट झाकण. ताई विचारत होत्या, "मंग गहू कुठं ठेवू जी?" त्यावर साडूंचं उत्तर तयार होतं. "गहू कोणी चोरत नाही वं आजकाल."

पत्र्यातून लहरी बाहेर पडत नाहीत हे त्यांचं म्हणणं अगदी बरोबर निघालं. त्या माझ्या घरात आल्या नाहीत, त्यांच्या बैठकीतही आल्या नाहीत. इंटरनेट वापरायचं असेल तर स्वयंपाकघरात जाऊन, कोठीचं झाकण उघडून, तिच्याशेजारी पाट टाकून बसावं लागे. मुलीशी बोलताना दोघं नवराबायको कोठीला टेकून बसत आणि बोलणं संपलं की साडू झाकण लावत. एवढ्यावर भागलं नाही. परिसरातल्या लोकांच्या मोबाईलवर जी नावं दिसतात त्यांत आपलं नाव दिसू नये म्हणून त्यांनी आपल्या वाय-फायचं नाव 'बंद आहे' असं ठेवलं. कुणी पाहुणा आला आणि त्यानं वाय-फाय मागितलंच, तर पासवर्ड सांगायचा नाही. पाहुण्याचा फोन आपल्या हातात घ्यायचा, उन्हाळ्यात तोंडाला बांधायचा तो दुपट्टा डोक्यावरून ओढायचा आणि वाफारा घेतात तसं आत वाकून टाइप करायचं. माझ्या बायकोची मावशी पहिल्यांदा हे बघून घाबरली. तिला वाटलं जावयाला चक्कर आली.

माझ्या मुलीची नोकरीची मुलाखत होती तेव्हाची गोष्ट तर मी विसरूच शकत नाही. ऐन वेळी आमचं इंटरनेट गेलं. मी धावत पलीकडे गेलो, म्हटलं, "भाऊजी, पासवर्ड द्या, पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे." हे शांतपणे म्हणाले, "जीव मांग गा, देतो. पासवर्ड नको मांगू." सख्ख्या साडूला! मी तोंडाला आलं ते बोललो. ते मुलीला हाताला धरून आपल्या स्वयंपाकघरात घेऊन गेले, कोठीचं झाकण काढलं, पाटावर स्वतःची उशी ठेवली. मग दाराबाहेर जाऊन उभे राहिले. भाजीवाल्याला त्यांनी कोपऱ्यावरच अडवलं, शेजारच्या घरी जाऊन कुकर बंद करायला लावला, रस्त्यावरच्या कुत्र्यांना पोळ्या घालून गप्प ठेवलं. आतून मुलगी हसत बाहेर आली तेव्हा हे उन्हात घामानं निथळत होते. रागवायचीसुद्धा सोय ठेवत नाही हा माणूस, आणि मला त्याचाच जास्त राग येतो.

बँकेतून बोलतो म्हणून फसवणाऱ्या एकाचा फोन त्यांना आला होता. साडूंनी त्याला आधी त्याचं नाव, मग हुद्दा, मग वरिष्ठाचं नाव विचारलं आणि हे सगळं सहीनिशी पाठवा म्हणून सांगितलं. त्यानं फोन ठेवला. आपण एका चोराला पळवून लावलं याचा आनंद राहिला बाजूला, "पूर्ण माहिती न देता ठेवला त्यानं" म्हणून हे दिवसभर चिडलेले.

पासवर्ड कागदावर लिहायचा नाही, हा त्यांचा पुढचा नियम. आणि तो वारंवार बदलायचा, हा त्याच्याही पुढचा. दोन नियम मिळून जे व्हायचं तेच झालं. साडू स्वतःच पासवर्ड विसरू लागले. दर वेळी कंपनीच्या माणसाला बोलवायचं, त्यानं यंत्र पुसून नव्यानं सुरू करायचं, त्याला चहा पाजायचा आणि टाइप करताना त्याला पाठ फिरवून उभं करायचं. शेवटी तो माणूस ताईंना म्हणाला, "काकू, मी इथंच राह्यले येऊ काय?"

त्यानंतर एके दिवशी साडू माझ्याकडे आले ते छाती काढून. "झालं. आता एकच पासवर्ड. वाय-फायले तोच, मोबाईलले तोच, सगळ्याले तोच. अन् तो कोणाचा बापही काढू शकत नाही." मी म्हटलं, "तुमाले काही झालं तं?" ते म्हणाले, "हिले सांगून ठेवला आहे." मला ते ऐकून बरं वाटलं. ताई शहाण्या आहेत. पण साडूंच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते मला तेव्हाच खटकायला हवं होतं. बोटाच्या ठशानं उघडणारा फोन असूनही त्यांनी ती सोय बंद करून टाकली होती. "झोपेत कोणी बोट लावून घेतलं तं?" घरात दोनच माणसं, त्यातलं एक ते स्वतः.

मग त्यांना खरंच काही झालं. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी जेवता जेवता त्यांना धाप लागली, ओठ निळे पडले. मी आणि ताईंनी त्यांना सदर भागातल्या एका दवाखान्यात नेलं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, डोळे अर्धवट, काही विचारलं तर नुसती मान हलायची. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "यांना कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का?" होती. काही वर्षांपूर्वी एका इंजेक्शनानं साडू मरता मरता वाचले होते, हे आम्हा दोघांना पक्कं ठाऊक होतं. कोणत्या इंजेक्शनानं, ते मात्र ठाऊक नव्हतं. ते कागदावर होतं. आणि कागद? साडूंनी घरातल्या सगळ्या कागदांचे फोटो मोबाईलमध्ये घेऊन मूळ कागद फाडले, पाण्यात भिजवले आणि कुंड्यांत घातले होते. बेंगळुरूची मुलगी विमानात बसलेली, तिचा फोन बंद. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तोच रिपोर्ट बघायला हवा. अंदाजानं देण्यात धोका आहे, आणि फार वेळही नाही."

मी साडूंचा फोन हातात घेऊन ताईंना म्हटलं, "सांगा पासवर्ड."

ताईंनी पदराचं टोक हातात घेतलं.

"ताई, तुमाले माहीत आहे न?"

"माहीत आहे. पण मले सांगता नाही येत, भाऊ."

माझा तोल गेला. आत माणूस श्वासासाठी धडपडतो आहे आणि ही बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळते आहे! मी ओरडलो असेन, कारण काउंटरवरची नर्स उठून आमच्याजवळ आली. ताई हळूच म्हणाल्या, "यायचं नावच आहे." मी कपाळावर हात मारला. साडूंचं केसपेपरवरचं नाव टाइप केलं. उघडेना. आडनावासकट केलं. उघडेना. ताई मान हलवत होत्या. "ते नाही. घरचं. यायच्या मायनं ठेवलेलं."

पुढचं ताईंनी रडत रडत चार शब्दांत सांगितलं, तेव्हा मला सगळं कळलं. साडूंचे आईवडील उमरेडचे विणकर. त्यांची आधीची मुलं जगली नव्हती. मग हा मुलगा झाला तेव्हा त्याच्यावर कुणाची नजर पडू नये म्हणून आईनं त्याला कुणालाही नकोशा वाटणाऱ्या वस्तूचं नाव दिलं आणि त्याच नावानं हाका मारत त्याला जगवलं. गल्लीतल्या पोरांनी त्या नावावरून त्याला इतकं रडवलं, की शाळेत घालताना वडिलांनी दुसरं नाव लावलं. जुनं नाव आईच्या तोंडी राहिलं. आई गेल्यावर ते साडूंखेरीज एकाच माणसाच्या लक्षात उरलं, कारण जाताना आईनं ते सुनेच्या कानात सांगितलं होतं. आणि ही सून कोण? जिनं लग्नापासून नवऱ्याचं साधं नावही कधी उच्चारलं नाही ती. 'हे', 'ते', 'ऐकलं का जी', याच्यापुढं ताईंची जीभ कधी गेली नाही. साडूंनी आपली किल्ली ठेवायला जगातली सगळ्यात पक्की तिजोरी शोधली होती, आणि आता ती तिजोरी माझ्यासमोर रडत उभी होती.

"लिहून द्या मंग," मी म्हटलं.

"लिहाचं नाही अशी यायनं मले शपथ घातली. बोलाचं नाही अशी रीत. मी काय करू?"

मी काही बोलायच्या आत ताईंनी डोळे पुसले, डोक्यावरून पदर घेतला आणि सरळ उभ्या राहिल्या. हळदीकुंकवाला बायका आग्रह करायच्या तेव्हा त्या अशाच उभ्या राहायच्या आणि उभ्या उभ्या उखाणा जुळवायच्या. मात्र त्यातही सासऱ्यांच्या आडनावापाशीच थांबायच्या. दवाखान्याच्या त्या बोळात, सलाईनच्या बाटल्या जात-येत असताना, त्या खड्या आवाजात म्हणाल्या,

"कुलूप घातलं घरधन्यानं, किल्ली माझ्या ओठी,
... चं नाव घेते त्यायच्याच जिवासाठी."

मधलं नाव मी इथं लिहिणार नाही. नर्सच्या ओठांवर ते ऐकून हसू आलं होतं, पण ताईंकडे बघून ते तिथंच विरलं. मी टाइप केलं. फोन उघडला. रिपोर्ट सापडला. जे इंजेक्शन भरून तयार होतं, नेमकं तेच त्यांना चालत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी ते बाजूला ठेवलं आणि दुसरं मागवलं.

साडू घरी आले. घरी आल्यावर त्यांनी आधी काय विचारलं असेल? "पासवर्ड कोणाकोणाले समजला?" मी म्हटलं, मला, नर्सला, डॉक्टरीणबाईंना आणि बोळात जे होते त्या सगळ्यांना. ते माझ्याशी बोलायचेच बंद झाले. ज्यानं धावपळ केली त्याच्याशी! मी बायकोला म्हटलं, या माणसाच्या दारात आता पाऊल ठेवणार नाही. नंतर एका संध्याकाळी मी अंगणात झाडांना पाणी घालत होतो, तेव्हा कुंपणाशी येऊन ते उभे राहिले. मग म्हणाले, "तिनं... पुरं नाव घेतलं काय गा?"

"पुरं घेतलं."

"मोठ्यानं?"

"बोळभर ऐकू गेलं, भाऊजी."

त्यांनी कुंपणाची तार उगाच दाबून बघितली. "माय गेल्यापासून कोणी म्हटलंच नाही ते," ते म्हणाले. "अन् हिनं म्हटलं तेव्हा मी आत पडून होतो." एवढं बोलून ते घरात गेले. मी पाणी घालत राहिलो; कुंडी भरून वाहायला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मी त्यांना दोनदा सांगितलं, की आता तो पासवर्ड बदलून टाका, अख्ख्या जगाला ठाऊक झाला आहे. पूर्वी दारावरून अनोळखी माणूस गेला तरी पासवर्ड बदलणारा हा इसम म्हणतो, "राहू दे." कोठीत पुन्हा गहू भरले आहेत. यंत्र भिंतीवर आलं आहे आणि त्याच्या लहरी बिनदिक्कत माझ्या घरात येतात. पासवर्ड मला ठाऊक आहे. पण ते नाव माझ्या मोबाईलमध्ये टाकायला माझं बोट काही धजत नाही, म्हणजे इतकी वर्षं ज्याच्यासाठी भांडलो ते फुकट मिळूनही माझ्या उपयोगाचं नाही. आमच्या इंटरनेटचे महिन्याचे पैसे मी अजून भरतोच आहे.

आणि अलीकडे या माणसाचा एक नवाच ताप सुरू झाला आहे. ज्याचा पासवर्ड म्हणजे मायनं ठेवलेलं त्याचंच नाव, तो दुपारी जेवणं झाल्यावर बैठकीतून मोठ्यानं हाक मारतो, "अवं, हे लागून नाही राहिलं. पासवर्ड काय होता वं?" आतून भांड्यांचा आवाज थांबतो. थोड्या वेळानं पुन्हा हाक येते, या वेळी जरा हळू. भिंत पातळ आहे, पलीकडचं सगळं ऐकू येतं. अशा वेळी मी उठतो आणि आमच्या बाजूची खिडकी लावून घेतो.